लॉ सीईटीचा नियोजनकार

लॉ सीईटीचा नियोजनकार नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत बारमाही आढळतो. वय पंचवीस ते चाळीस. डीएड झालेले असते, एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेशी जुना घरोबा असतो, आणि ‘एलएलबी तरी करून ठेवावी’ हा निर्णय बहुधा एखाद्या लग्नाच्या पंगतीत, वाढपी दुसऱ्यांदा येईपर्यंत पक्का होतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, खुल्या प्रवर्गाला तीत ४५ टक्के लागतात. वयाची अट मात्र नाही. ही शेवटची सवलत नियोजनकाराने फारच मनावर घेतलेली असते.

२०१६ पूर्वी राज्यात लॉचा प्रवेश मागच्या परीक्षेच्या गुणांवर होई. तेव्हा नियोजनाला वाव नव्हता. सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आली आणि वाव मिळाला. नियोजनकार नांदेडच्या भाग्यनगरातली किंवा लातूरच्या उद्योग भवन परिसरातली एक अभ्यासिका गाठतो, नीटवाल्या पोरांच्या गर्दीत पंख्याखालची खुर्ची धरतो आणि चार रंगांचे पेन काढतो. पहिला महिना वेळापत्रकात जातो. कुणी विचारलेच, “काय दादा, अभ्यास कुठवर आला?” तर उत्तर ठरलेले असते : “सध्या नियोजन करायलोय. एकदा नियोजन बसलं की अभ्यासाला काय लागतंय!” चहावाला तोवर त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणू लागलेला असतो. उधारीची वही मात्र जुन्याच नावाने चालू राहते.

वेळापत्रकाचा नीट अभ्यास केला तर स्वभाव कळतो. पेपर १२० प्रश्नांचा, वेळ दोन तास. त्यात इंग्रजीचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञानाचे ३२, कायदेविषयक कल आणि तर्कक्षमता यांचे २४-२४. म्हणजे तिसरा हिस्सा इंग्रजीचा. बाकीचा पेपर मराठीतूनही वाचता येतो. इंग्रजीला ती सोय कशी असणार? नियोजनकाराच्या तक्त्यात इंग्रजी रविवारी संध्याकाळी पाच ते सहा असते, कंसात ‘वेळ मिळाल्यास’. पहाटेचे ताजे तास कायद्याला दिलेले असतात. कारण उघड आहे. कलमे पाठ केली की वकील झाल्यासारखे वाटते, शब्दार्थ पाठ केले की दहावीत असल्यासारखे वाटते.

कलमांनीही त्याला दगा दिलाच. जुन्या भारतीय दंड संहितेतली ३०२ आणि ४२० त्याच्या जिभेवर होती. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये गेली, फसवणूक ३१८ मध्ये. सर्वसाधारण उमेदवाराने नवे पुस्तक आणले असते. नियोजनकाराने नवे वेळापत्रक आणले.

सामान्य ज्ञानाला तो वेळच देत नाही, कारण ते अंगभूत आहे अशी त्याची समजूत असते. समजुतीला आधारही आहे. नांदेडने शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख असे दोन-दोन मुख्यमंत्री दिले, त्यामुळे इथल्या चहाच्या टपरीवर राजकारणाचे वर्ग रोज भरतात. शंकरराव आणि विलासराव दोघेही कायदा शिकलेले होते, हे नियोजनकार आवर्जून सांगतो आणि पुढचे ऐकणाऱ्यावर सोपवतो. कोणत्या गटातून कुणाला तिकीट मिळणार हे त्याला छातीठोक माहीत असते. पेपरात ते विचारत नाहीत, ही पेपर काढणाऱ्यांची उणीव.

त्याचा हुकमाचा एक्का वेगळाच. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटमध्ये पाव गुण जातो, म्हणून क्लॅट त्याला अन्यायकारक वाटते. इथे अंदाजपंचे दाहोदरसे खेळायला मोकळीक! चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तरी १२० पैकी सरासरी ३० यायचेच, हे गणित त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडलेले असते. गणित बरोबर आहे. त्या ३० वर चांगले महाविद्यालय मिळत नाही, एवढीच पुढची पायरी मांडायची राहते.

या प्रकारात एक उपप्रकार बारावीनंतरचा. तो स्वतः नियोजन करत नाही, वडील करतात. नीटचा निकाल लागतो, घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि तिसऱ्या दिवशी वडिलांना पाच वर्षांच्या लॉची आठवण होते. तोवर त्या वर्षीची सीईटी होऊन गेलेली असते.

मुळात लातूर पॅटर्न हा सराव परीक्षांवर उभा राहिला. पुन्हा पुन्हा पेपर सोडवायचा, चुका तपासायच्या, परत बसायचे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांचे नाव त्याच रगड्याने झाले. नियोजनकाराने त्यातला ‘पॅटर्न’ तेवढा घेतला, सराव पुढच्या टप्प्यात ठेवला. हा टप्पा परीक्षेच्या आधी येत नाही. तीन वर्षांची सीईटी २०२३ मध्ये मे महिन्यात झाली, २०२४ मध्ये मार्चमध्येच. तारीख पुढे गेली तर वेळापत्रक नव्याने करावे लागते, अलीकडे आली तर ते बसवायला वेळच उरत नाही.

तरी त्याची टिंगल एका मर्यादेपलीकडे करू नये. जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात, अर्जाला कोणती प्रमाणपत्रे लागतात, प्रवेशाच्या कॅप फेरीत पसंतीक्रम कसा भरावा, याची माहिती देणारा त्याच्यासारखा माणूस अख्ख्या अभ्यासिकेत दुसरा नसतो, आणि तो ती फुकट देतो. शेजारच्या टेबलावरची, दिवसा दुकानात काम करणारी एखादी मुलगी त्याच्या वेळापत्रकाची झेरॉक्स घेते, इंग्रजी रविवारवरून रोज पहाटेवर आणते, आठवड्याला दोन पेपर घड्याळ लावून सोडवते. लातूरच्या दयानंद किंवा नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयाच्या यादीत पुढे तिचे नाव लागते.