ओळखीच्या साहेबांस अनावृत पत्र

माननीय ओळखीचे साहेब,

सा. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट नाही. आपण आमच्या मेहुण्याच्या मित्राचे साडू, एवढ्यावर आपला नंबर ‘साहेब ट्रॅफिक’ या नावानं सेव्ह आहे. पीयूसी संपली, इन्शुरन्सचं बघू म्हणतोय. पण आपला नंबर चालू आहे म्हटल्यावर गाडी निर्धास्त फिरते.

मात्र हल्लीची पोरं आपल्या थोरवीवर उठली आहेत. परवा आमच्या चौकात हवालदारांनी एकाची स्कूटर अडवली आणि सवयीनं हात किल्लीकडे गेला. पोरगं म्हणालं, “सर, लायसन्स मागा ना. गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की दाखवावंच लागतं, कलम १३०. किल्ली राहू द्या.” आणि मोबाइलवर डिजिलॉकर उघडून धरलं. २०१८ पासून हे चालतं म्हणे! आम्ही अजून डिकीत ऑइलचे डाग पडलेली झेरॉक्स बाळगतो, जी कधीच चालत नव्हती.

“लई कायदा येतो का रे?” असं हवालदारांनी रीतीप्रमाणे विचारलं. पोरगं चिडेल तर शपथ. “हेल्मेट नाही, चूक माझी. चलन करा. लायसन्स ठेवून घेणार असाल तर पोच लिहून द्या, कलम २०६.” वर शेजारच्या रिक्षावाल्याला समजावतंय: लायसन्स किंवा नोंदणी नसेल तर २०७ खाली गाडीच अडकवता येते, पण नुसती किल्ली उपटायचं कलम १९८८च्या कायद्यात नाही. तडजोड शुल्क भरायचं की कोर्टात भांडायचं, तेही आपणच ठरवायचं. सिग्नल हिरवा झाला तरी रिक्षावाला हलेना!

एवढी अक्कल पाजळून मिळालं काय? दंडाचा मेसेज. पूर्ण रकमेचा. आम्ही त्याच्या मागेच होतो, एका गाडीवर तिघं, हेल्मेट शून्य. आपल्याला फोन लावला, हवालदारांच्या कानाला दिला, आणि अर्ध्या मिनिटात “जावा” झालं. चहाचंसुद्धा कुणी विचारलं नाही. आता सांगा, कायदा कुणाला जास्त कळतो?

आपली बदली झाल्याचं कानावर आलं. वाईट वाटलं. जाण्यापूर्वी नव्या साहेबांचे साडू कोण आणि ते राहतात कुठं, तेवढं कृपया कळवावं.

आपला नम्र,
ट्रिपल सीटवरचा मधला