बाणेरची भाकर

माजलगावहून पुण्यात गेलेली मंडळी बाणेरला दिवसभर काय खातात, ऐका. सकाळी गुळाचा चहा, दुपारी ज्वारीचा ‘मिलेट बाऊल’, संध्याकाळी उंच ग्लासात उसाचा रस, वर पुदिन्याचं पान. त्या पानाचे वेगळे पैसे! संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं आणि आपली ज्वारी इंग्रजी बोलू लागली. गावाकडं याच ज्वारीची भाकर ठेच्यासोबत ताटात आली, की हीच मंडळी तोंड वाकडं करायची. पहाटे कोपीवर भाकरी थापून उसाच्या फडात जाणाऱ्या बाईला मात्र अजून कुणी ‘हेल्थ कॉन्शस’ म्हटलेलं नाही. खरं खायचं तर अधिक महिन्यात माजलगावकडच्या पुरुषोत्तमपुरीला या. पुरणाचे धोंडे मिळतील. मेन्यूकार्ड मागू नका.