गटार आणि लोकशाहीचे सोमवार

मालवणात गटार तुंबले की माणूस आधी नगरसेवकाला गाठतो, मग मुख्याधिकाऱ्यांना. तिथे पाणी मुरले की लोकशाही त्याच्यासाठी सोमवार राखून ठेवते, 'लोकशाही दिन' म्हणून. तिसरा सोमवार तालुक्याचा, पहिला जिल्ह्याचा, म्हणजे ओरोसच्या जिल्हाधिकाऱ्यांचा, दुसरा कोकण आयुक्तांचा. पायरी मात्र चुकवायची नाही. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी.

नियम तर फारच रसाळ. ज्यावर अंतिम उत्तर दिले आहे, ते प्रकरण चालत नाही. इतपत ठीक. पण ज्यावर अंतिम उत्तर 'देण्यात येणार आहे', तेही चालत नाही! आता उत्तर कधीतरी येणार नाही, असे गटारही छातीठोकपणे सांगणार नाही.

सगळ्यात वर लोकायुक्त. महाराष्ट्राचा कायदा 1971 चा, देशात ही संस्था प्रथम आपणच उभी केली, 1972 साली. गाऱ्हाणे असेल तर बारा महिन्यांच्या आत मांडावे लागते, आणि खालच्या पायऱ्यांवर ते कधी सरतात हे कळतही नाही. इतके करून चौकशीअंती निघते ती शिफारस. ती ऐकलीच नाही, तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल पाठवतात. म्हणजे कोपऱ्यावरच्या डासांची वार्ता थेट राज्यपालांच्या दारापर्यंत जाते. हा मान काही कमी नाही.

'गटार कधी साफ होतला?' एवढेच विचारायचे असेल, तर अर्ज आजच टाका. पावसाळा पंधरा दिवसांची आगाऊ सूचना देत नाही.