साठ पत्त्यांची आस्थापना

पत्ते खेळून हरणाऱ्या माणसास पूर्वी एक फार मोठा आधार असे, आणि तो म्हणजे पत्ते वाटणारा. मेंढीकोट असो, पाच-तीन-दोन असो, की मे महिन्याच्या सुट्टीत जिन्याच्या पायऱ्या अडवून चालणारे तीनशे-चार असो, कॅट सर्वांचा सामाईक, पिसणारा एक, कापणारा दुसरा आणि वाटणारा तिसरा, अशी जबाबदारीची वाटणी इतकी चोख असे की डाव कितीही वाईट बुडाला तरी ‘पानंच आली नाहीत हो’ एवढे चार शब्द उच्चारून माणूस अब्रूनिशी उठू शकत असे.

ही सोय फार जुनी आहे. बाबराने १५२७ साली सिंधेतील शाह हसनास, त्याने मागितल्यावरून, गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे, अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त या खेळास जागा दिली आहे, आणि आमच्या सावंतवाडीस लाखेच्या रंगांनी रंगविलेली जी दशावतारी गंजिफा होते तिच्यात दहा अवतारांची दहा खाती आणि प्रत्येक खात्यात राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंतची पाने, असे १२० वाटोळे पत्ते असतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती राम त्याने उतारी करावयाची, रात्री असेल तर ज्याच्या हाती कृष्ण त्याने. उतारीचा मानसुद्धा जेथे परमेश्वराच्या मर्जीवर सोपविलेला, तेथे पराभवाचे खापर एखाद्या मर्त्य खेळाडूच्या माथ्यावर फोडण्याचा अविचार कोण करील?

या दीर्घकालीन शांततेचा भंग १९९३ साली रिचर्ड गारफील्ड नामक एका अमेरिकन गणितज्ञाने केला. त्याच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात सामाईक कॅट नाही, प्रत्येक खेळाडूने आपले पत्ते आपणच निवडून, आपल्याच पदरच्या पैशाने विकत घेऊन, घरूनच गड्डी बांधून आणावयाची आणि समोरच्याच्या गड्डीशी लढवावयाची. तीनच वर्षांनी जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले, आणि २००३ साली कार्टून नेटवर्कवर तो पिवळा प्राणी पाहून ज्या पिढीने गृहपाठ बुडविला, त्या पिढीच्या पोटी जन्मलेल्या आमच्या नातवाच्या द्वारे हा खेळ आमच्या घरात दाखल झाला. पूर्वी नशीब वाटून मिळत असे. आता ते घरून बांधून न्यावे लागते आणि, ज्याला मुले ‘डेक’ म्हणतात त्या गड्डीची संपूर्ण यादी स्पर्धेपूर्वी पंचांकडे दाखल करावी लागते. सारी हयात केंद्र सरकारच्या एका खात्यात काढून, कोणत्याही कागदावर एकट्याची सही राहणार नाही अशी दक्षता घेत निवृत्त झालेल्या माणसास ही कल्पना किती भयावह वाटली असेल, हे वाचकांनीच ताडावे.

आमचे वास्तव्य गाझियाबादेस, इंदिरापुरमात. वजीर गाझीउद्दीनाने १७४० साली सराई बांधून हे शहर वसविले. त्या सराईस १२० खोल्या होत्या असे सांगतात, म्हणजे बरोबर दशावतारी गंजिफेइतक्या, पण या योगायोगाचे कौतुक करणारा दुसरा मनुष्य आम्हांस या शहरात अद्याप भेटलेला नाही. जुन्या शहराच्या दरवाज्यांची नावे, दिल्ली, डासना, सिहानी, अजून वहिवाटीत आहेत. आमच्या वसाहतीस मात्र दरवाजाही एकच आणि त्यावरील चौकीदारही बहुधा निद्रिस्त. अशा या निरुपद्रवी वातावरणात एका दुपारी नातवाने जेवणाच्या मेजावर दोनेकशे पत्ते पसरले आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही ऑफिसात माणसं निवडायचात ना? मग यातले साठ निवडून द्या.”

नियम समजावून घेताच आमची भीती ओसरली, कारण हा खेळ नसून ही निव्वळ आस्थापना शाखा आहे असे आमच्या ध्यानी आले. मंजूर पदे साठ. एकोणसाठ चालत नाहीत, एकसष्टही चालत नाहीत. एका नावाचे चारांहून अधिक पत्ते नेमता येत नाहीत, जो नियम आमच्या खात्यात असता तर एका विशिष्ट आडनावाच्या मंडळींची फार अडचण झाली असती. मूलभूत ऊर्जेचे पत्ते तेवढे या मर्यादेतून मुक्त, कारण हमाल आणि शिपाई कितीही लागतात. बेसिक पोकेमॉन मेजावर रुजू झाला की त्याच पाळीत त्यास बढती नाही, एक पाळी तरी उमेदवारी करावी लागते. मात्र ‘रेअर कँडी’ नावाचा पत्ता हाती असेल तर मधली पायरी वगळून थेट वरच्या जागी बसता येते. ही मिठाई कोठे मिळते याची विचारपूस आम्ही नोकरीत असताना पुष्कळांनी केली होती. ‘बॉसेस ऑर्डर्स’ हा पत्ता टाकला की प्रतिपक्षाच्या मागच्या बाकावर सुरक्षित बसलेल्या कोणाही इसमास समोर हजर करता येते, आणि ‘अल्ट्रा बॉल’ने हवा तो पोकेमॉन दफ्तरातून शोधून काढता येतो, परंतु त्यासाठी हातातील दोन पत्ते प्रथम टाकून द्यावे लागतात, हे तर आमच्या अभिलेख कक्षाचे यथार्थ वर्णनच होय.

निवड झाली ती ड्रॅगापल्टच्या डेकची. त्याच्या मधल्या अवस्थेस ड्रॅकलोक म्हणतात, आणि त्याचे कर्तृत्व आम्हांस इतके भावले की बाकी विचारच करावा लागला नाही: प्रत्येक पाळीत त्याने गड्डीवरील दोन कागद उचलून पाहावयाचे, एक आपल्याकडे ठेवून घ्यावयाचा आणि दुसरा सर्वांच्या तळाशी सारून द्यावयाचा. चाळीस वर्षे असेच करणारा एक प्रधान लिपिक आमच्या परिचयाचा होता. खुद्द ड्रॅगापल्ट हा ३२० बळाचा बडा हुद्देदार. एका प्रहारात समोरच्यास दोनशेची इजा करून शिवाय मागच्या बाकावरील मंडळींत इजेच्या सहा खुणा हव्या तशा वाटतो, म्हणजे पुन्हा कोणाच्या वाट्यास किती आले याची तक्रार करावयास जागा नाही.

तळाच्या पदाचे चार, मधले चार आणि वरचे तीन, एवढ्यावर कोणाचे दुमत झाले नाही. कलह पुढच्या पदांवर झाला, आणि त्याचे मूळ गणितात असले तरी त्याची अभिव्यक्ती सर्वस्वी कौटुंबिक होती. गणित असे की आरंभी हाती सात पत्ते येतात. साठांत एखादा पत्ता एकच ठेवला तर तो पहिल्या हातात येण्याचा संभव बारा टक्क्यांच्या आत, चार ठेवले तर चाळीस टक्के. म्हणजे चौथा नेमणूक झालेला इसम पहिल्याइतके काम कधीच करीत नाही. हा सिद्धान्त कोणत्याही कचेरीत कागद-पेन्सिलीवाचून सिद्ध करता येतो. त्यातही सहा पत्ते बक्षिसे म्हणून उपडे बाजूस ठेवावयाचे असल्याने, एकुलता एक पत्ता दहांतून एका डावात तेथे जाऊन बसतो आणि नेमका हवा तेव्हा रजेवर असतो. मुले त्यास ‘प्राइझ झाला’ म्हणतात. बेसिक पोकेमॉन आठच ठेवले तर सरासरीने तीनांतून एका डावात सातांपैकी एकही बेसिक नसतो. मग तो रिकामा हात प्रतिपक्षास दाखवून, पुन्हा पिसून, पुन्हा वाटून घ्यावा लागतो, आणि आपल्या या फजितीबद्दल प्रतिपक्षास एक पत्ता अधिक उचलण्याची मुभा मिळते. आठ जागा तेथे अपुऱ्या, हे मी लेखी दिले.

परंतु शिफारशींचा ओघ सुरू झाला होता. चिरंजीवांना चॅरिझार्ड हवा होता, कारण शाळकरी वयात त्यांनी त्यावर जीव लावला होता. त्यांना हे कोण सांगणार की चॅरिझार्ड एकटा येत नाही, चारमँडर, चारमेलियन असे सारे कुटुंब घेऊन येतो आणि सात-आठ जागा अडवून बसतो? सूनबाईंचा कटाक्ष किमतीवर होता. जो पत्ता आधीच घरात आहे तोच सर्वोत्तम, असे त्यांचे सोपे धोरण. शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरसाहेबांनी तर “बेटा, ये देखो, असली सोना” असे म्हणून गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानातून सोनेरी पत्र्याचे चकचकीत पत्ते आणून दिले. ते बनावट आहेत हे सांगण्याचे धैर्य कोणास न झाल्याने ते सन्मानपूर्वक शोकेसमध्ये ठेवण्यात आले आहेत. आणि आमच्या मंडळींना हवा होता पिकाचू. विजेच्या ऊर्जेची आपल्या डेकमध्ये तरतूदच नाही, त्यामुळे तो येऊन नुसता बसून राहील, असे मी निदर्शनास आणताच त्या म्हणाल्या, “बसू दे की. गोड दिसतो. तुमच्या ऑफिसात कोण काय करत होतं?”

डेक जुळवावयाचा म्हणजे पत्ते घालावयाचे, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. वास्तविक ते सर्व काम काढण्याचे आहे. प्रत्येक नव्या नेमणुकीस एक बडतर्फी जोडलेली, आणि बडतर्फ होणाऱ्याची कामगिरी कोणास तरी आठवतेच. एका डावात एका पत्त्याने वाचविले म्हणून तो पुढे वीस डाव कुजला तरी काढावयास हात धजत नाही. म्हणून मी नातवास एक हजेरीपट घालून दिला: प्रत्येक डावानंतर हातात शेवटपर्यंत न खेळता राहिलेल्या पत्त्यांची नावे त्यात लिहावयाची, आणि ज्याचे नाव वारंवार येईल त्यास कारणे दाखवा नोटीस. ही पद्धत अत्यंत फलदायी ठरली. माझ्या नोकरीत ती कोणी का लागू केली नाही, याचे कारणही तेव्हाच उमगले.

सरावास प्रतिपक्ष हवा, म्हणून आजीस बसविण्यात आले. दुसऱ्या डेकचे खरे पत्ते घरात नसल्यामुळे लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या जाड कागदाचे तुकडे कापून, त्यांवर नातवाने बॉलपेनाने नावे व गुण लिहिले आणि ते प्लॅस्टिकच्या पाकिटांत सरकविले. त्यामुळे एका बाजूस ‘गार्डेव्हॉर’ आणि उलटविल्यास ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ असा तो संच होता. अवघ्या तीस बळाची बड्यू नावाची एक कळी त्यात होती. ती एकाही ऊर्जेवाचून दहाची इजा करते आणि पुढच्या पाळीत प्रतिपक्षास ‘आयटम’ जातीचा एकही पत्ता खेळता येत नाही. म्हणजे चेंडू नाहीत, मिठाई नाही, शोधाशोध नाही. हा पत्ता हाती आल्यापासून आमच्या मंडळींचा स्वभाव पालटला. चष्मा कपाळावर चढवून, उजव्या हाताने गहू निवडता निवडता डाव्या हाताने त्या तो लग्नपत्रिकेचा तुकडा पुढे सरकवीत आणि शांतपणे म्हणत, “कळी लावली. आता तुझं सामान बंद.” ड्रॅगापल्ट त्या काळात तळाच्याच पदावर तिष्ठत राही. “हात ब्रिक झाला आजोबा, लकच नाही,” असे नातू कळवळून सांगे, तेव्हा मी यादीवर बोट ठेवून दाखवी की साठही नावे त्याच्याच हस्ताक्षरात आहेत. नशिबाचा हिस्सा बक्षिसांतील दहा टक्के. उरलेल्या नव्वदांचा जबाब ज्याने त्याने द्यावा.

आणि एवढे सगळे सिद्ध झाले तरी त्यास कायमची सनद नाही. हल्लीच्या बहुतेक पत्त्यांच्या कोपऱ्यात एक बारीक रोमन अक्षर छापलेले असते, आणि कंपनीचे फर्मान निघाले की त्या अक्षराचा सारा वर्ग एका दिवशी सेवानिवृत्त होतो. २०२५ च्या एप्रिलात ‘एफ’ अक्षराची मंडळी अशी गेली. त्यांत रेडियंट ग्रेनिन्जा होता, जो हातातील एक ऊर्जा टाकून दोन पत्ते उचलून देई आणि ज्याच्या जोरावर कित्येक डेक उभे होते. मुदतवाढ नाही, निरोप समारंभाचा चहासुद्धा नाही. या एका बाबतीत तरी हा खेळ हिंदुस्थान सरकारच्या पुढे आहे.

सांप्रत एकोणसाठ पदे भरली गेली आहेत. साठाव्यावर तीन उमेदवार आहेत: चिरंजीवांचा चारमँडर, जो एकटा येऊनही आपण कुटुंबास मागाहून बोलावू अशी हमी देतो, मंडळींचा पिकाचू, आणि तिसरी ‘बॉसेस ऑर्डर्स’, जिच्या बाजूने मी सविस्तर टिपणी सादर केली आहे, कारण प्रतिपक्षाच्या मागच्या बाकावर लपलेल्या अर्धमेल्या इसमास समोर ओढण्यावरच शेवटची बक्षिसे मिळतात हे सरावात पुनःपुन्हा दिसून आले. टिपणी मान्य झाली आहे; अडचण एवढीच की तिसरी प्रत घरात नाही, आणि वैशालीहून ब्ल्यू लाइनने दिल्लीस जाऊन ती आणण्यास सूनबाई मंजुरी देत नाहीत. तरी गाझियाबाद-नोएडा परिसरातील ज्या मराठी घरांत मुलांच्या खणात ही प्रत जादा पडून असेल, त्यांनी कृपया अदलाबदलीस तयारी दाखवावी. मोबदल्यात पिकाचू मिळेल. मात्र पत्ता दुपारी दोन ते चार या वेळात, आमच्या मंडळी झोपलेल्या असताना, घेऊन जावा.