कच्चं लिंबू

आम्ही राहतो ते अमेरिकेतलं चँडलर हे गाव वसवलं गुरांच्या डॉक्टरानं. डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर हे ॲरिझोना प्रांताचे पहिले पशुवैद्य. १८९१ साली ते मेसा गावाच्या दक्षिणेला जमीन घेऊन राहिले आणि तिथे सिंचनशास्त्राचा अभ्यास करू लागले. वाळवंटात गुरं जगवायची तर औषधाच्या आधी पाणी लागतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. १९०० सालापर्यंत त्यांच्याकडे १८,००० एकर जमीन झाली. १७ मे १९१२ रोजी तिचे प्लॉट पाडून विकायची कचेरी उघडली, तेव्हा डॉक्टरसाहेब पन्नाशी ओलांडून गेले होते.

ही हकीकत आमच्या ह्यांना मुळीच पटत नाही. ह्यांची सगळी हयात नाशिकला पाटबंधारे खात्यात गेली. संध्याकाळी आम्ही डॉक्टरांच्याच कन्सॉलिडेटेड कालव्याच्या कडेनं फिरायला जातो, तेव्हा हे हमखास थांबतात. "गुरांच्या डॉक्टरानं कालवे काढायचे? तांत्रिक मान्यता कुणी दिली?" कालव्यात पाणी आहे, हे उत्तर त्यांना पुरत नाही. याच खोऱ्यात कित्येक शतकांपूर्वी होहोकाम लोकांनी हातानं खणून कालवे काढले होते, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांचीही फाइल मिळाली नाही.

मला मात्र हा डॉक्टर जवळचा वाटतो. आपलं ठरलेलं काम सोडून भलत्याच विषयाचं पहिलं पुस्तक उघडणारा माणूस म्हणजे आमच्यातलाच. मी बँकेतून निवृत्त झाले, मुलाकडे इथे राहायला आले आणि साठी उलटल्यावर दोन गोष्टी शिकायला घेतल्या. एक गाडी चालवायला, दुसरं इंग्रजीत निबंध लिहायला.

गाडीचा प्रश्न हौसेचा नव्हता. इथे रे रोड, चँडलर बुलेव्हार्ड, पेकॉस रोड असे रस्ते मैल-मैल अंतरावर आखून दिलेले आहेत आणि उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांना टेकतो. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मुलाची मीटिंग संपण्याची वाट बघावी लागते, आणि त्याच्या मीटिंगा कोथिंबीर वाळली तरी संपत नाहीत. तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच परवाना काढायचं ठरवलं.

लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात, त्यांतले २४ बरोबर यावे लागतात. ह्यांनी नियमपुस्तिका शासन निर्णय वाचावा तशी वाचली. समासात खुणा, मागे परिशिष्ट. त्यातून आम्हाला कळलं की धुळीचं वादळ आलं तर गाडी रस्त्याबाहेर घ्यायची, सगळे दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. नाहीतर तुमचा मागचा दिवा बघून मागची गाडी तुमच्यामागोमाग येते आणि थेट तुमच्यावर आदळते. आणखी एक कायदा ह्यांना फार आवडला. अडथळे लावून बंद केलेल्या, पाणी भरलेल्या रस्त्यात कुणी गाडी घातली आणि अडकला, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. लोक त्याला सरळ 'मूर्ख वाहनचालक कायदा' म्हणतात. असा कायदा आपल्याकडे पावसाळ्यात लागू केला तर खात्याचं अंदाजपत्रक शिलकी होईल, असं ह्यांचं मत आहे.

लेखीत हे पहिले आले. प्रत्यक्ष चाकामागे बसल्यावर मात्र पारडं फिरलं. आधी स्कूटर, मग मारुती, असं ह्यांचं सारं आयुष्य डाव्या बाजूनं चालवण्यात गेलेलं. इथे रस्ता उजव्या बाजूचा, चाक डावीकडे, आणि मुख्य म्हणजे इंडिकेटरची दांडी जिथे असायला हवी तिथे वायपरची. वर्षाकाठी जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या या गावात, भर उन्हात, आमचा वायपर प्रत्येक वळणाला इमानेइतबारे काच पुसत असे. मी जन्मात चाकाला हात लावलेला नव्हता, त्यामुळे माझ्यापाशी मोडायला सवयच नव्हती. बायकोचं अज्ञान असं कामी आलेलं बघणं कुठल्याही नवऱ्याला जड जातं. ह्यांनी ते शांतपणे घेतलं, असं मी लिहिते आहे, कारण हे छापून आल्यावर ते वाचणार आहेत.

गाडी पोटच्या मुलाकडून शिकू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. "आई, आरसा. आई, आरसा बघ ना. अगं, आता कशाला बघतेस!" तो हे ज्या स्वरात म्हणायचा, तो स्वर माझ्या ओळखीचा होता. त्याला सत्ताविसाचा पाढा शिकवताना मी तोच वापरत असे. शेवटी सूनबाई शेजारच्या सीटवर बसली आणि काम मार्गी लागलं. "अहो आई, तुम्ही थोडंसं उजवीकडे घेता का?" समोरून ट्रक येत असतानाही तिनं 'अहो आई' सोडलं नाही. सासू-सुनेच्या नात्यातल्या अदबीचा इतका थेट, जीव वाचवणारा उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आता यातली गंमत अशी की मी ज्या रस्त्यांवर शिकले, त्याच रस्त्यांवर माझ्याआधी काही वर्षं गाड्या स्वतःच शिकत होत्या. वेमो कंपनीच्या चालकाविना धावणाऱ्या गाड्यांचा मोठा सराव चँडलरमध्येच झाला. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांची भाड्याची सेवा सुरू झाली तीही याच भागात. तेव्हा काही गावकऱ्यांनी त्यांच्यावर दगड मारले, कुणी टायर फाडले. मी शिकत असताना मला कुणी दगड मारला नाही, नुसते हॉर्न वाजवले. आणि इथे हॉर्न वाजवणं म्हणजे जवळजवळ आईवरून शिवी. चार बाजूंनी थांबायच्या पाट्या असलेल्या चौकात मी आणि एक रिकामी वेमो समोरासमोर आलो, की आम्ही दोघी नियमाप्रमाणे थांबतो, अंदाज घेतो, पुन्हा थांबतो. तिच्या मागेही लोक खोळंबतात, माझ्याही. या गावात मला समजून घेणारी तेवढी एकच आहे.

निबंधाचं प्रकरण जास्त नाजूक. पेकॉस रोडवर चँडलर-गिल्बर्ट कम्युनिटी कॉलेज आहे, १९८५ सालापासूनचं. प्रवेशाला वयाची अट नाही, गुणांची नाही, आणि चाळिशीतली माणसं तिथे चेहऱ्यावर कसलाही अपराधी भाव न आणता वावरतात. या भागातल्या कम्युनिटी कॉलेजांनी २०२२ साली चिप कारखान्यांतल्या तंत्रज्ञाचं काम शिकवणारा दहा दिवसांचा अभ्यासक्रम काढला. काल दुकानात मालाची मांडणी करणारा माणूस आज अंगभर पांढरा झगा चढवून इंटेलच्या कारखान्याच्या तयारीला लागायचा. निवृत्तांसाठीही वेगळे वर्ग आहेत, परीक्षा नसलेले. सूनबाईनं मला आधी तेच सुचवलं. पण परीक्षाच नसेल तर नापास होण्याची भीती कशाची बाळगायची? मी सरळ पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाच्या वर्गात नाव घातलं.

बँकेत असताना मी सीएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा दिली होती. ती विद्येसाठी नव्हे, इन्क्रिमेंटसाठी. पुढे शाखेत संगणक आले तेव्हा तेही शिकले, ते खुर्ची टिकवण्यासाठी. कशाहीसाठी नसलेलं शिक्षण मी पहिल्यांदाच घेत होते, आणि पहिल्याच दिवशी 'तुम्ही इथे का आलात' असं प्रत्येकाला सांगायला लावलं. मुलांनी क्रेडिट, नोकरी, नर्सिंग अशी उत्तरं दिली. मी 'वेळ आहे' म्हटलं. वर्गात शांतता पसरली. अठराव्या वर्षी वेळ कुणाकडेच नसतो.

गृहपाठ संगणकावरून रात्री ११ वाजून ५९ मिनिटांच्या आत धाडायचा असतो. मी तो दोन-तीन दिवस आधीच धाडते. माझ्या शेजारी बसणारा मुलगा ११ वाजून ५८ मिनिटांनी धाडतो आणि त्या एका मिनिटाच्या शिलकीवर खूश असतो. या मुलाला माझा निबंध तपासायला मिळाला. तिथे विद्यार्थ्यांनी एकमेकांचं लिखाण तपासायची पद्धत आहे. माझा विषय होता गोदाघाटावरचा पावसाळा. सुरुवात आजोळपासून, मग पूर, मग पाण्यात बुडालेला दुतोंड्या मारुती, मग भजी. मुलानं समासात अगदी सौजन्यानं लिहिलं होतं: छान आहे, पण तुमचं म्हणणं काय आहे?

वर्गातला नियम असा की लेखकाचं विधान पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. आमच्याकडचा ललित लेखक मुद्द्यावर येतो तो निघायच्या वेळी, चपला घालता घालता. त्या मुलाला हे समजावून सांगण्याइतकं इंग्रजी अजून मला येत नाही. पण त्याच्या प्रश्नानं माझी झोप उडाली हे खरं. आणि ती शैलीच्या प्रश्नानं उडाली नव्हती. माझ्या नातवाच्या वयाच्या पोरानं माझ्या कागदावर प्रश्नचिन्ह काढलं होतं. शाखेत माझ्या सहीशिवाय कर्ज मंजूर होत नसे.

तर माझं म्हणणं हे, त्या मुलाच्या हिशेबानं फारच उशिरा आलेलं: उतारवयात शिकताना अडचण स्मरणशक्तीची नसते, मानाची असते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण कुणीतरी सोय म्हणून काढलेली आहे. तिच्या आडोशाला बसलं की खालच्या पाटावर बसावं लागत नाही. लहानपणी खेळात एखाद्या पोराला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे; तो पळायचा, पण बाद व्हायचा नाही, आणि राज्यही त्याच्यावर यायचं नाही. साठीनंतर शिकायचं म्हणजे पुन्हा कच्चं लिंबू व्हायला राजी व्हायचं. सगळी चिडचिड तिथे असते.

या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर एक बाई आहेत. पार्वतीबाई आठवले, देवरुखच्या, जन्म १८७०चा. ऐन तारुण्यात वैधव्य आलं. पंचविशी उलटल्यावर पुण्याला थोरली बहीण बाया कर्वे हिच्या आधारानं शिकायला लागल्या. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी पैसा उभा केला, संस्थेच्या मोठ्या कार्यकर्त्या झाल्या. त्यांना एकच गोष्ट दाद देत नव्हती, ती म्हणजे इंग्रजी. एवढ्या मानमरातबानंतर कुणीही म्हटलं असतं, राहू द्या. पार्वतीबाई १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बोटीत बसून अमेरिकेत आल्या आणि लोकांच्या घरी घरकामाला राहिल्या. इंग्रजी कानावर पडावं आणि पोटही भरावं म्हणून. सभेत हार घालून घेणारी बाई परक्या देशात भांडी घासते आणि घासता घासता शब्द जमवते. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी'त लिहिलं, ते १९२८ साली प्रसिद्ध झालं आणि दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं. त्या घरातल्या मालकिणींना आपल्याकडे कोण राहून गेलं, हे कळलं की नाही कोण जाणे. मला वर्गात अपमान झाल्यासारखं वाटतं तेव्हा मी पार्वतीबाई आठवते आणि मुकाट्यानं पहिला परिच्छेद पुन्हा लिहिते.

पु. ल. देशपांडे पन्नाशीनंतर बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले, १९७० साली. अख्खा महाराष्ट्र ज्याच्या शब्दाला हसतो, त्यानं परक्या भाषेत अडखळायचं. आणि मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा घ्या. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या पुढाकारानं ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर अडकवून दुपारी शाळेत जायच्या. या शाळेच्या फोटोंचं जगभर कौतुक झालं. मला त्यातली एकच गोष्ट विलक्षण वाटते. शिकवणाऱ्या बाईंची सासू समोर विद्यार्थिनींत बसलेली होती. पाटी-पेन्सिल कुठेही मिळते. सुनेनं 'पुन्हा लिहा' म्हटल्यावर पुन्हा लिहिणारी सासू शोधून सापडत नाही.

तरुणांना मात्र यात एक काम आहे, आणि नेमकं तेच ते उलट करतात. आमच्या मुलाचंच बघा. फोनमध्ये काही अडलं आणि त्याला विचारलं, की तो म्हणतो, "दे इकडे." दोन सेकंदांत अंगठा तीन ठिकाणी टेकतो आणि फोन परत. काम झालेलं असतं, आम्हाला काही कळलेलं नसतं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याच दाराशी जायचं असतं. यामागे प्रेमच असतं, घाई असते, दुष्टावा अजिबात नसतो. पण पाढा म्हणताना तो अडला तेव्हा मी 'दे इकडे' म्हणून पुढचे आकडे म्हणून टाकले नव्हते. वाट बघितली होती, गॅसवर भाजी असली तरी.

तेव्हा तुमच्या घरी कुणी आजोबा पेटी शिकत असतील, कुणी मावशी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरत असेल, कुणी वडील पंचाहत्तरीत यूपीआयशी झुंजत असतील, तर 'आता या वयात कशाला' हे विचारू नका, आणि 'या वयातसुद्धा!' असं कौतुकही करू नका. दोन्हींत वयच मोजलं जातं. शेजारी बसा, हात पाठीमागे ठेवा आणि चुकीचं बटण त्यांचं त्यांना दाबू द्या. फोन हातातून काढून घेऊ नका.