बंबाला बढती

आजीच्या तांब्याच्या बंबाला अखेर बढती मिळाली. जन्मभर न्हाणीघरात गोवऱ्या नि नारळाच्या शेंड्या खाऊन धूर ओकणारा हा गडी आता दिवाणखान्यात मनीप्लँट मिरवत उभा आहे. गीझर आल्यावर त्याला माळ्यावर ढकलणारे काका हल्ली तोटीवरून हात फिरवत पाहुण्यांना ‘आमचा वारसा’ दाखवतात. चिंच लावून घासणार कोण, म्हणून वारशाला लॅकर मारून घेतलंय.

अंगावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव अर्थातच आहेर देणाऱ्या मामांचं. पहाटे फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेणाऱ्या आजीच्या वाट्याला ‘पाणी तापलं का?’ एवढीच विचारणा.

मोडीत घालायला काकांनी बंबाचं वजनही करून आणलं होतं, हे काकू पाहुणे गेल्यावर सांगतात. नेमका तेव्हा तांब्याचा भाव पडला होता.