माय हरवली नव्हती: एक लेखी खुलासा

होबार्ट, टास्मानिया
आषाढ, पण कडाक्याच्या थंडीचा

तीर्थरूप अप्पांना पहूर पेठ मुक्कामी शिरसाष्टांग नमस्कार.

"खुलासा लेखी पाठवा," एवढं बोलून आपण फोन ठेवलात. जन्मभर इतिहास शिकवलेल्या मास्तरांना तोंडी पुरावा चालत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा खुलासा सादर.

या पत्रात 'मी' हा शब्द मायच्या तोंडचा सोडून कुठेही येणार नाही. मागच्या पत्रात धाकट्याने "मी जुनी मोटार घेतली" असं लिहिलं. ते पत्र ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं मधल्या काकांनी, आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मोटार काकांनीच घेतली असं धरून त्यांच्याकडे पेढे मागितले. काकांनी ते दिलेही, आणि हिशेब धाकट्याच्या नावावर टाकला. म्हणून आता धाकटा तो धाकटा, सूनबाई ती सूनबाई, नातू तो नातू आणि माय ती माय. 'माय' या शब्दाला 'ला' प्रत्यय लावायचंही टाळलं आहे. ओट्यावर लहान पोरं असतात.

तर पहिली गोष्ट, माय सुखरूप आहे. शुक्रवारी नातवाने धाडलेला "आजी हरवली" हा निरोप त्या वेळी खरा होता. त्यानंतर धाडलेला "सापडली, नाचतेय" हाही खराच होता. दोन्हींच्या मध्ये पहूरची रेंज गेली, त्याला होबार्टकरांनी काय करावं? दरम्यान पेठेतून आणि कसब्यातून माणसं ओट्यावर जमली, जामनेरहून आत्या निघाली आणि कुणीतरी नवसही बोलून मोकळं झालं, असं कळलं. नवस नेमका काय बोलला गेला ते कळवावं. नारळ असेल तर इथून पैसे पाठवता येतील. पायी वारी असेल तर ज्याने बोलला त्यानेच फेडावा.

आता घटनास्थळ, कारण ते आपल्या विषयातलं आहे. जागेचं नाव सलामांका. बंदरासमोर १८३०च्या दशकातली दगडी गोदामांची रांग आहे. त्या काळी देवमाशांच्या शिकारीवर चालणाऱ्या बंदराचा माल तिथे साठवत, आता तिथे चित्रांची दालनं, दुकानं आणि खानावळी आहेत. मूळचं सलामांका स्पेनमधलं. तिथे १८१२ साली वेलिंग्टनने फ्रेंचांना हरवलं, त्याची आठवण म्हणून हे नाव. आणि हा वेलिंग्टन म्हणजे आपलाच जुना परिचित. २३ सप्टेंबर १८०३ला अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेलेला आर्थर वेलस्ली! ज्याच्या लढाईची तारीख चुकली म्हणून आपण पोरांना छड्या मारल्यात, तो इथे १२७१ मीटर उंचीचा डोंगर होऊन शहराच्या उशाशी बसला आहे. डोंगराचं मूळ नाव कुनानी. आता कागदोपत्री दोन्ही नावं एकत्र लिहितात. सध्या वेलस्लीच्या डोक्यावर बर्फ आहे. माय रोज सकाळी खिडकीतून त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "बरं झालं."

सलामांकाच्या गोदामांमागे एक चौक आहे. तिथे दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात फुकट गाणंबजावणं असतं. त्याला 'रेक्टँगो' म्हणतात. तिकीट नाही, खुर्चीचा नंबर नाही, निवेदकाचं लांबलेलं भाषण नाही. शेवटच्या कारणासाठी तरी जायलाच हवं, असं सूनबाईचं मत पडलं.

धाकटा गाडी लावायला गेला. माय सूनबाईबरोबर आहे असं त्याला वाटलं. ती धाकट्याबरोबर आहे असं सूनबाईला वाटलं. नातवाला काहीच वाटलं नाही, तो मोबाइल बघत होता. मायचा मोबाइल घरी चार्जिंगला. इथे आषाढात पाच वाजायच्या आत सूर्य बुडतो. बंदरावरचा वारा कानात शिरतो. आणि मायचं इंग्रजी म्हणजे "थँक्यू", "नो" आणि "पहूर, जळगाव डिस्ट्रिक्ट".

पोलिसाने वर्णन विचारलं. उंची? चुलीवरच्या फडताळापर्यंत हात पुरतो, एवढी. केस? पांढरे, पण पदराखाली. कपडे? हिरवं पातळ, त्यावर धाकट्याचं निळं जॅकेट, डोक्याला कानटोपी, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर चप्पल. पोलीस लिहिता लिहिता थांबला आणि अदबीने म्हणाला, अशी बाई होबार्टमध्ये फार वेळ हरवलेली राहू शकणार नाही.

तरी धाकट्याच्या पोटात गोळा आला तो आलाच. त्याला कारण हे गाव. सरू ब्रायर्ली इथेच वाढला.

त्याची गोष्ट ओट्यावर सर्वांना माहीत नसेल, म्हणून लिहितो आहे धाकटा. भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसलं की रावेरनंतर बुऱ्हाणपूर येतं, आपल्या खानदेशची जुनी राजधानी. पुढे साधारण ७० किलोमीटरवर खंडवा. तिथल्या गणेश तलाई भागात एक बाई मोलमजुरी करून पोरं वाढवत होती. थोरला गुड्डू गाड्यांचे डबे झाडून चार पैसे आणायचा. १९८६ साली तो पाच वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन बुऱ्हाणपूर स्टेशनावर आला आणि त्याला बाकावर थांबायला सांगून गेला. पोराला झोप लागली. जाग आली तेव्हा भाऊ नव्हता. समोर उभ्या गाडीत तो चढला, तिथेही झोपला, आणि ती गाडी त्याला थेट हावड्याला घेऊन गेली. सुमारे १५०० किलोमीटर. गुड्डू परत येणार नव्हता, त्याच रात्री तो रुळांवर मेला होता. पोराला ना धड गावाचं नाव सांगता आलं, ना स्वतःचं. शेरूचा सरू झाला. कोलकात्याच्या अनाथालयातून १९८७ साली होबार्टच्या एका जोडप्याने त्याला दत्तक घेतलं.

खंडवा म्हटलं की आपल्याकडे एकच माणूस आठवतो, किशोरकुमार. स्टेजवर स्वतःची ओळख 'खंडवेवाला' अशी करून देणारा. तो गेला तेही १९८७ सालीच, आणि त्याच्या अंत्यसंस्कारासाठी मुंबईहून परत खंडवाच. एक खंडवेकर घरी परतला त्याच साली दुसरा समुद्रापार गेला.

मोठेपणी सरूने हिशेब मांडला. गाडीचा वेग अमुक, तास इतके, म्हणजे कोलकात्याभोवती हजार-बाराशे किलोमीटरचं वर्तुळ. मग 'गूगल अर्थ'वर एकेक रूळ धरून रात्र रात्र शोध. २०११ साली स्टेशनाजवळची पाण्याची टाकी ओळखू आली. ते बुऱ्हाणपूर. तिथून वर सरकत खंडवा. २०१२च्या फेब्रुवारीत तो स्वतः गणेश तलाईत उभा राहिला, तर घराला माणूस नव्हतं. आकाशातून दिसणाऱ्या नकाशाने गल्लीपर्यंत आणलं होतं. पुढचं काम शेजाऱ्यांनी केलं. आई जवळच राहत होती. पोरगा कधीतरी परत येईल म्हणून तिने ती वस्ती सोडलीच नव्हती. समोरासमोर आले तेव्हा बोलायला भाषा नव्हती, तो हिंदी विसरून गेला होता. पुढे त्याने पुस्तक लिहिलं आणि २०१६ साली त्यावर 'लायन' सिनेमा आला. लहानपणीचा सरू झाला होता मुंबईचा सनी पवार.

नातवाने हा सिनेमा तीनदा पाहिलाय. शुक्रवारी त्याने रडत रडत विचारलं, "बाबा, आजीला शोधायला पंचवीस वर्षं लागतील का?"

(इथे धाकट्याला पी.जे. आठवला हे कबूल केलं पाहिजे. सरू आपल्या पाचोरा-जामनेर गाडीत झोपला असता तर जगाला एक चांगला सिनेमा मिळाला नसता. ५६ किलोमीटरच्या त्या छोट्या रुळावर माणूस झोपला तरी फार तर जामनेरला उठणार, कारण गाडी पुढे जातच नाही. आणि शेंदुर्णीला चूक लक्षात आली तर खाली उतरून चालत पहूरला गाडीबरोबरच पोचता यायचं. २०२० पासून ती बंद आहे. आता रूळ रुंद होणार म्हणतात. म्हणजे पोरं हरवायची सोय होणार.)

मायचा पत्ता लागला तो टाळीवरून. चौकात एक अकॉर्डियन, एक व्हायोलिन आणि पुरुषभर उंचीचं एक तंतुवाद्य असं त्रिकूट वाजवत होतं. भोवती गर्दी, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. पण मध्येच नातू थबकला. सगळे एका तालात टाळ्या देत होते आणि त्यांच्यातून एक टाळी भलतीकडेच पडत होती. भजनी ठेक्याची. "आजी!" म्हणून तो घुसला.

माय अकॉर्डियनवाल्याच्या शेजारी, त्याच्याच वाद्याच्या रिकाम्या पेटाऱ्यावर मांडी घालून बसली होती. धाकट्याचा आवाज चढला. सूनबाई रडू लागली. माय शांतपणे म्हणाली, "मी कुठं हरवली? मी तं इथंच बसेल व्हती. हरवेल तं तुम्ही व्हते. एवढं वाजत व्हतं, तुम्हाले ऐकू नाही आलं?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. पोलिसाला भाषांतर करून सांगितलं, तर त्याने वही मिटली आणि तोही ऐकत उभा राहिला.

(हा परिच्छेद काकांनी मनात वाचावा. शेजारच्या म्हाताऱ्या मडमेने गारठलेल्या मायच्या हातात गरम गरम काहीतरी दिलं होतं. लवंग, दालचिनी, संत्र्याची साल. माय त्याला अजून 'काढा' म्हणते आणि छाती मोकळी झाली असंही म्हणते. तो द्राक्षांचा होता, आणि द्राक्षांना बराच काळ लोटला होता. त्या दिवशी तिचा संतोषीमातेचा शुक्रवार. "थोडा आंबट लागला, पण औषधाले काय व्हतं," एवढंच ती म्हणाली. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, आपणही सांगू नये.)

अकॉर्डियन म्हणजे पेटीचीच चुलत बहीण. ही १८२९ सालची व्हिएन्नाची, पेटीचं मूळ १८४०च्या दशकातलं, पॅरिसचं. दोघींच्या पोटात वाऱ्याने थरथरणाऱ्या धातूच्या जिभल्या. फरक एवढाच, की आपल्या भजनी मंडळात डावा हात भाता हलवतो आणि उजवा सूर धरतो. इथे भाता छातीशी, दोन हातांच्या मधोमध, आणि डाव्या बोटांखाली शंभरावर बारीक बटणं. मायने खुणेने विचारून त्या भात्यावर तळवा ठेवला. "गाय रवंथ करते तवा तिची कूस अशी हालते," ती म्हणाली. वाजवणाऱ्याला शब्द कळला नाही, पण त्याने एक लांब सूर हळूहळू सोडला, तिचा तळवा आत जाईपर्यंत.

आणि मग मायने गाणं लावलं. गुलाबाईचं! भादव्याला अजून अवकाश आहे हे खरं, पण जिथे आषाढात बर्फ पडतो तिथे गुलाबाईने तिथी का पाळावी? तिची नेहमीची काळी चार. पहिल्या ओळीला अकॉर्डियनवाला नुसता कान देऊन होता, दुसरीला त्याने सूर पकडला, तिसरीला व्हायोलिन आत आलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. चौथ्या कडव्याला माय शब्द विसरली आणि पहिलंच परत म्हणाली. तेही त्यांनी तितक्याच गंभीरपणे वाजवलं. मग ती उठली, नातवाचा एक हात आणि मडमेचा दुसरा धरला, आणि फेर सुरू झाला. ते 'नाचतेय' म्हणजे हे.

सहा वर्षं व्हिडिओ कॉलवर ही माय रोज दिसत होती. बहुतेकदा कपाळाचा वरचा भाग, आणि "ऐकू येतं का?" तिने गाणं म्हटलं की दोन सेकंदांनी पोचायचं, आणि इथून कुणी "वा" म्हणेपर्यंत तिकडे पुढची ओळ निघून गेलेली असायची. गुलाबाईच्या फेरात नातवाला मात्र तिच्या बांगड्यांचाही आवाज आला, तो घरी येऊन आईला सांगत होता.

दुसऱ्या आठवड्यात हौसेने टास्मानियन सिम्फनी ऑर्केस्ट्राला नेलं. १९४८ सालची संस्था, उत्तम सभागृह, आणि वादक असे की एकाचाही गज दुसऱ्याच्या पुढे जाणार नाही. माय पहिल्याच वळणावर मोठ्याने "व्वा" म्हणाली. पुढच्या दोन रांगा वळल्या. वाजवणं थांबल्यावर तिने टाळी दिली, तर ती एकटीचीच. अजून तीन भाग बाकी होते. तेवढ्या शांततेत सगळं सभागृह खोकून घेत होतं. "सगळ्यांले एकदमच खोकला कसा आला?" मायने कानात विचारलं. दाद दाबून ठेवली की ती खोकल्यावाटे निघते, असं तिचं निदान आहे. वादन तिला आवडलं. पण माणसं आवडल्याचं लपवतात, ते नाही आवडलं.

आता कामाचं. दादाच्या मुलाच्या लग्नाबद्दल मायचा स्पष्ट निरोप आहे: डीजे लावायचा नाही. बँड हवा, क्लॅरिनेटवाला दम खाऊन वाजवणारा हवा, आणि संबळ असेल तर फार बरं. पोरं कुरकुरली तर ती परत येईपर्यंत सुपारी थांबवावी. अकॉर्डियनवाला लग्नाला येतो म्हणतोय. "पहूर, जळगाव डिस्ट्रिक्ट" एवढा पत्ता मायनेच त्याला देऊन ठेवलाय.

सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

आपला,
धाकटा

ता. क. माय शेजारी बसून सांगते आहे, म्हणून घाईने लिहिलं आहे: माळ्यावरची पेटी खाली काढावी. भाता उंदरांनी कुरतडला असेल तर जळगावला नेऊन नवा बसवून घ्यावा. काळी चार अडकते, ती आधी बघावी.